वर्दीचे दोन अर्थ

अग्निशमन दलात 'वर्दी' म्हणजे आगीची खबर. 'वर्दी आली', 'वर्दी मोठी आहे', 'गाडी वर्दीवर गेलीय' असं तिथली माणसं बोलतात. वर्दी देणं म्हणजे कळवणं, हा आपल्या भाषेतला जुना अर्थ त्यांनी टिकवून ठेवला आहे. बाकी महाराष्ट्राला मात्र वर्दी म्हटलं की हिंदी सिनेमातली वर्दी आठवते. म्हणजे गणवेश, त्यावरच्या फिती, त्याला ठोकायचा सलाम.

आग विझवणाऱ्या माणसाला आपण किती मान देतो, हे बहुतेक वेळा दुसऱ्या वर्दीवरून ठरतं. आणि तो जिवंत परत येतो की नाही, हे पुष्कळदा पहिल्या वर्दीवरून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं मला गेली दोन-तीन वर्षं वाटत आलं आहे.

मी अग्निशमनातला माणूस नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की रात्री-अपरात्री फोन येतो, पाच-सहा जण एका कॉलवर जमतात आणि त्यांच्यातल्या एकाला 'इन्सिडेंट कमांडर' नेमतात. दुरुस्ती त्याने करायची नसते. कोण काय करतंय हे त्याला माहीत असायला हवं आणि शेवटचा शब्द त्याचा. नवीन असताना मला हे नाव फारच भारदस्त वाटायचं; चार कॉम्प्युटर बंद पडले तर 'कमांडर' कशाला? शोधलं तेव्हा कळलं की ही पद्धत आमच्या धंद्याची नाहीच, ती बंबवाल्यांची आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात प्रचंड वणवे लागले. शहरांची, परगण्यांची, वनखात्याची अशी अनेक दलं धावली. प्रत्येकाचे वायरलेसचे संकेत वेगळे, शब्द वेगळे, साहेब वेगळे. त्या गोंधळातून पुढच्या काही वर्षांत ही पद्धत तयार झाली आणि तिथून फिरत फिरत आमच्यापर्यंत आली.

ती वाचताना मुंबईची व्हिक्टोरिया गोदी आठवली नसती तरच नवल. त्या गोदीत हुशार माणसं होती, धाडसी माणसं होती, पाणीही होतं. नव्हता तो हा एक माणूस.

१४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या, आणि हवाई दलासाठी पेट्यांत बांधलेली स्पिटफायर विमानं होती. विमानं कराचीला उतरवली. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, तेल, लाकूड, गंधक, मासळीचं खत असा मिळेल तो माल भरला. कप्तान नेस्मिथ यांना ते पसंत नव्हतं, पण युद्धाचे दिवस होते. जहाजातली जागा रिकामी ठेवणं हा तेव्हा गुन्हाच. दोन नंबरच्या कप्प्यात खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी ती मांडणी झाली.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत लागलं. दारूगोळ्याच्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. कारण समजण्यासारखं आहे: भर युद्धात शत्रूच्या हेराला जहाज दाखवून द्यायचं कशाला? पण बावटा खाली ठेवला की तो हेराला दिसत नाही तसा शेजारच्या जहाजाला, हमालाला आणि बंबवाल्यालाही दिसत नाही. लष्करी गुप्ततेचा हिशोब करताना ही दुसरी बाजू कोणी मांडल्याचं दिसत नाही.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येताना खलाशांना दिसला. धूर इतका दाट, की आगीचं मूळ कुठे आहे तेच सापडेना. मुंबई अग्निशमन दलाला कळवायला उशीर झाला; पुढे चौकशीत ज्या चुकांवर बोट ठेवलं गेलं त्यांत लाल बावटा नसणं आणि हा उशीर या दोन्ही होत्या. बंब आले, नळ्या लागल्या, नऊशे टनांहून जास्त पाणी जहाजाच्या पोटात ओतलं गेलं. इथे आग विझवण्याच्या शास्त्रातला एक क्रूर विनोद आहे. कापसाची गासडी दाबून बांधलेली असते, ती आतल्या आत धुमसते आणि पाण्यावर तरंगते. जितकं पाणी ओतावं तितक्या जळत्या गासड्या वर उचलल्या जाणार, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांच्या जवळ. ओतणारे आपलं काम चोख करत होते.

त्या वेळी डेकवर आणि धक्क्यावर कोण कोण होतं? जहाजावर कप्तानाचा अधिकार. गोदीवर गोदीच्या व्यवस्थापकाचा. दारूगोळ्याबद्दल बोलायचा अधिकार लष्कराच्या आयुध विभागाच्या अधिकाऱ्याचा. नळ्यांवर अग्निशमन दलाच्या प्रमुखाचा. जहाज जागीच बुडवावं, बाहेर समुद्रात ओढून न्यावं, की पाणी मारत राहावं, असे तीन मार्ग होते आणि तिन्ही मार्गांना कोणाची ना कोणाची पसंती होती. पण बाकीच्या सगळ्यांना 'हेच करा' असं सांगू शकेल असा कोणी नव्हता. पाणी मारत राहणं तेवढं कोणाच्या परवानगीवाचून होण्यासारखं होतं. म्हणून तेच होत राहिलं.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले, बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या, कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपासारखी नोंद झाली. चार चौतीसला दुसरा स्फोट झाला, तोवर पहिल्या स्फोटातल्या जखमींना उचलायला आणखी माणसं आत शिरली होती. जळता कापूस आकाशातून आसपासच्या झोपड्यांवर पडला. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे सांगितले जातात. त्यांत अग्निशामकांचा आकडा ६६ असा सांगितला जातो.

या सहासष्ट जणांचं मरणही काही आठवडे लष्करी गुपित होतं. जगाला पहिली सविस्तर बातमी १५ एप्रिलला दिली ती सायगावच्या रेडिओने, जो तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होता. वार्ताहरांना आपल्या बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. शत्रूला दुसऱ्या दिवशी ठाऊक असलेली गोष्ट महिनाभर दडवून ठेवण्यात काय मतलब होता, देव जाणे.

आणि लोकांनी काय लक्षात ठेवलं? सोनं. मुंबईत जुन्या पिढीतल्या कोणालाही गोदीच्या स्फोटाबद्दल विचारा, उडून घरात येऊन पडलेल्या सोन्याच्या विटेची गोष्ट आधी येईल. गाळ उपसताना अजून विटा सापडल्या, अशा बातम्या पुढे कित्येक दशकं छापून येत राहिल्या. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो याच घटनेवरून. पण त्या दिवशी महाराष्ट्र आंबेडकर जयंतीत असतो, जे योग्यच आहे, आणि अग्निशमन दलाची माणसं तिथेही मिरवणुकीच्या कडेला बंब घेऊन बंदोबस्ताला उभी असतात.

युद्धकाळात शहरातल्या बंबवाल्याकडे लोक कसे बघतात, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण लंडनचं आहे. १९३९ मध्ये तिथे हजारो कारकून, दुकानदार, टॅक्सीवाले सहायक अग्निशमन दलात भरती झाले. पहिला वर्षभर बॉम्ब पडलेच नाहीत. ठाण्यात बसून पत्ते कुटणारी ही माणसं आठवड्याला तीन पौंड घेतात आणि सैन्यातली भरती चुकवतात, असं लोक तोंडावर बोलू लागले. सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि काही दिवसांत त्याच माणसांचे गोडवे सुरू झाले. माणसं तीच, काम तेच. फक्त ते लोकांना दिसलं.

ब्रिटनमध्येच १९७७ साली आणि पुन्हा २००२ मध्ये अग्निशामकांनी पगारासाठी संप केला, तेव्हा सरकारने सैनिकांना जुन्या हिरव्या गाड्या देऊन रस्त्यावर आणलं. २००२ मध्ये असे सुमारे एकोणीस हजार सैनिक होते. पण धुरात श्वसनयंत्र लावून आत जायची वेळ आली की साध्या शिपायाचं काम संपायचं. त्यासाठी लागायचे ते हवाई दलाचे प्रशिक्षित अग्निशामक. म्हणजे संपकऱ्यांच्या जागी उभे राहिलेले सगळ्यात उपयोगी लोक त्यांचेच व्यवसायबंधू होते. गंमत अशी, की १९७७ मध्ये जीव धोक्यात असल्याचं कळल्यावर काही ठिकाणी संपकरी फलक टाकून मदतीला धावले. सैनिकांबद्दल त्यांच्या मनात राग फार नव्हता. राग होता तो 'हे काम काय, कोणीही चार दिवस शिकून करील' या समजुतीचा.

ती समजूत मला ओळखीची आहे, कारण ती माझ्या गावातही आहे. पुरुषोत्तमनगर म्हणजे शहादा तालुक्यातली साखर कारखान्याभोवतीची वस्ती. सातपुडा-तापी परिसर कारखाना हा तिचा जीव. साखर कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या माणसाला आगीचं शिक्षण शाळेत घ्यावं लागत नाही. बगॅसचा ढीग वरून थंड आणि आतून दिवसचे दिवस पेटता राहू शकतो, अगदी त्या कापसाच्या गासडीसारखा. उसाच्या फडावरून गेलेली वीजतार वाऱ्याने लोंबकळली की एक ठिणगी पुरते, आणि मग जळीत उसाच्या दरात कपात होते. शेतकऱ्याला आगीइतकीच ती कपात भाजते. 'बंब उना, बंब उना' असं पोरं अहिराणीत ओरडत मागे पळतात आणि मोठी माणसं पहिल्यांदा चालकाला शिव्या देतात: इतका उशीर का?

(बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्या पंपाच्या नावावरून. न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंबही त्याच कुळातला. 'बॉम्ब'शी त्याचं साम्य कानाला फसवणारं आहे. ११० वर्षांच्या म्हातारीलासुद्धा दोन्हींतला फरक माहीत असतो, पण मराठीत टंकताना आमचा ऑटोकरेक्ट हटकून गोंधळतो.)

आमच्याकडे सैन्यातून सुट्टीवर आलेल्या मुलाला लोक बसस्टँडवर हार घालतात. घालावेतच. निवृत्त होऊन आला तर उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. बंबावर तीस वर्षं काढलेला माणूस मात्र निवृत्त झाल्याचं गावाला तो दुपारी घरी दिसू लागल्यावर कळतं. कायद्यानेही त्याची जागा तशीच ठरवली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या यादीत आहे. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे, आणि आग नगरपालिकेकडे. नगरपालिकेची तिजोरी जेवढी, तेवढी शिडी.

आता पुलगाव. वर्धा जिल्ह्यातला हा केंद्रीय दारूगोळा भांडार देशातला सर्वांत मोठा. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली आणि स्फोट झाले. आसपासच्या गावांतली माणसं अंधारात घरं सोडून पळाली. अनेक माणसं मेली. सकाळी टीव्हीवर 'जवान' एवढाच शब्द होता. दोन लष्करी अधिकारी त्यात गेले होते, आणि ते आपल्या माणसांच्या बरोबर आगीसमोर गेले होते, हे विसरून चालणार नाही. पण मृतांत सर्वाधिक होते ते भांडाराच्या अग्निशमन दलातले कर्मचारी. हे लोक लष्कराच्या कुंपणाच्या आत काम करतात, लष्कराच्या हुकमाने आगीत शिरतात, आणि सरकारी कागदावर 'संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारी' असतात. हवाई दलाच्या तळांवरही अशीच सोय आहे. तिथल्या फायरमनच्या काही जागा वर्ग 'क' मधल्या नागरी जागा म्हणून जाहिरातीतून भरल्या जातात. विमान उतरत असताना धावपट्टीकडे तोंड करून बंब तयार ठेवायचा, इंधनाने भरलेलं विमान पेटलं तर मिनिटांच्या आत त्याच्याशी पोचायचं. आतला वैमानिक एका नियमावलीखाली, त्याला बाहेर ओढणारा दुसऱ्या.

नियमावली वेगळी म्हणजे काय? एकच उदाहरण देतो. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारात लागलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली. सैन्यदलांना त्यातून वगळलं. कारण असं, की सैनिक जिवाची जोखीम घेतो आणि लवकर निवृत्त होतो. कारण पटण्यासारखंच आहे. पण मग दारूगोळ्याच्या पेटत्या शेडमध्ये शिरणाऱ्या माणसाची जोखीम कोणत्या प्रकारची असते?

'शहीद' या शब्दाबद्दलही असंच आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीतल्या आगीत अग्निशमन दलाचे संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, असे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. त्यांना शहीद म्हणावं अशी मागणी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने लोकसभेत सांगितलं की 'शहीद' या शब्दाची अधिकृत व्याख्याच नाही, सैन्यदलांसाठीसुद्धा. म्हणजे जो दर्जा मिळावा म्हणून कुटुंबं दारोदार फिरतात, तो दर्जा कागदावर कोणालाच नाही. तो लोकांनी द्यायचा असतो, आणि लोक तो गणवेश बघून देतात.

नंदुरबारच्या माणसाला हे आणखी विचित्र वाटतं. आमच्या जिल्ह्यात हुतात्मा म्हणजे शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांच्या गोळीने गेलेला शाळकरी पोर. त्याच्या हातात झेंडा होता, अंगावर कसलाच गणवेश नव्हता. शिवाय 'हुतात्मा' शब्दातलं 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज हॉटेल जळत होतं, आत गोळीबार चालू होता आणि मुंबईचे अग्निशामक बाहेरून शिड्या लावून खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवत होते. पहिल्या रात्रीच सुमारे दोनशे जणांना त्यांनी असं खाली आणलं. कमांडोंचं श्रेय यात अजिबात कमी होत नाही. पण त्या रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर काळ्या कपड्यांतला कमांडो येतो. शिडीवरचा माणूस सांगितल्यावर आठवतो. हेलिकॉप्टरचंही तसंच. उत्तराखंडात वणवे पेटले की हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं खाली पाण्याची मोठी बादली लटकवून येतात. तो देखावा जबरदस्त असतो आणि पाणीही कामाचं असतं. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्यात आगीने वेढलेले वनखात्याचे चार कर्मचारी जागीच गेले, ते मात्र जमिनीवरून आग विझवायला गेलेले होते. आमच्या तोरणमाळच्या डोंगरातही उन्हाळ्यात वनमजूर ओल्या फांद्यांनी आग झोडपतात आणि आधी साफ केलेल्या जाळरेषेवर तिला अडवतात. त्यांचे फोटो येत नाहीत.

कौतुक कमी मिळतं, एवढीच तक्रार असती तर मी हा लेख लिहिला नसता. ज्याला आपण दुय्यम समजतो त्याला आपण माहितीही शेवटी देतो, हे जास्त वाईट आहे. व्हिक्टोरिया गोदीनंतर शहात्तर वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरातून अग्निशमन दलाला वर्दी गेली: गोदामाला आग. दहा जणांची तुकडी आली. आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षांपासून पडून होतं आणि हे बंदराच्या, कस्टम्सच्या, सुरक्षा यंत्रणांच्या कागदांत नमूद होतं. आलेल्या तुकडीला ते कोणी सांगितलं नव्हतं. दहाही गेले. १९४४ मध्ये निदान युद्ध तरी चालू होतं.

यावर उपाय म्हणून जगाने जे केलं ते फार साधं आहे, आणि ते आमच्या घरापासून दोन मिनिटांवर बघायला मिळतं. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता शहाद्यातून जातो. गुजरातेतल्या रासायनिक कारखान्यांचे टँकर त्यावरून रात्रंदिवस धावतात. मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक धोकादायक टँकरवर एक फलक असावा लागतो. त्यावर चार आकडी क्रमांक: पेट्रोल असेल तर १२०३. शेजारी आगीत काय वापरायचं, पाणी की फेस, याचा संकेत आणि खाली फोन नंबर. तो फलक बावट्याचाच पुढचा अवतार आहे. चालक बेशुद्ध असेल, मालक फोन उचलत नसेल, तरी येणाऱ्या बंबवाल्याला लांबूनच वाचता यावं म्हणून तो इतका मोठा ठेवलेला असतो. गेल्या दिवाळीत रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसून मी तासभर ते फलक वाचत होतो. काहींवर रंग उडालेला, एकावर नंबराच्या अर्ध्या भागावर कोणीतरी 'आई-वडिलांचा आशीर्वाद' रंगवलेला. एक टँकर अगदी नवा कोरा होता, त्याचा नंबर मी फोनवर शोधला. गंधकाम्ल. म्हणजे पाणी मारायच्या आधी दोनदा विचार.